पाणी न मागणारी बाग

इंग्लंड म्हटलं की छत्री आठवते आणि रिमझिम पाऊस आठवतो. पण त्याच इंग्लंडच्या पूर्व टोकाला एक बाग अशी आहे, जिला लागवडीचं पहिलं पाणी सोडलं तर १९९२ पासून कुणी पाणी घातलेलं नाही. तिथल्या खडीत बुटका यारो मजेत फुलतो... आणि बघणाऱ्याला पाण्याचा हिशेब नव्याने मांडायला लावतो.

बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आधी काय येतं? फुलं नंतर येतात. आधी येतो नळ, नळाला लावलेला पाइप, आणि संध्याकाळी तो पाइप हातात धरून उभे असलेले आजोबा! बाग आणि पाणी यांचं लग्न आपण पक्कं लावून टाकलंय. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याची बाग. बाकीच्यांनी दारात तुळस लावावी आणि समाधान मानावं. पण हे लग्न मोडून बाग करता येते का? पाण्याच्या मागे न धावता, आहे त्या पावसात, आहे त्या मुरमाड जमिनीत, रणरणत्या उन्हात फुलं फुलवता येतात का?

या प्रश्नाचं उत्तर जिथे डोळ्यांनी बघायला मिळतं, ते ठिकाण लंडनपासून फार दूर नाही. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून गाडी पकडायची. साधारण तासाभरात कोलचेस्टर येतं. हे ब्रिटनमधलं फार जुनं शहर. रोमन लोकांनी इथे राजधानी थाटली होती आणि बुडिका राणीने बंड करून ती जाळली होती. आकाशातल्या लुकलुकत्या चांदणीवरची जी इंग्रजी कविता आपली बालवाडीतली पोरंही घोकतात, ती लिहिणारी जेन टेलर याच गावात राहायची. कोलचेस्टरहून पूर्वेला समुद्राच्या दिशेने सात-आठ किलोमीटर गेलं की एल्मस्टेड मार्केट नावाचं छोटं खेडं लागतं. तिथेच आहे बेथ चॅटो यांची बाग.

इंग्लंडमधलं माणदेश

एसेक्स परगण्याचा हा कोपरा इंग्लंडमध्ये कोरडा म्हणून प्रसिद्ध आहे. इथे वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. जवळचंच सेंट ओसिथ हे खेडं तर ब्रिटनमधलं सर्वात कोरडं ठिकाण म्हणून ओळखलं जातं. ५०० मिलिमीटर म्हणजे किती? आपल्या आटपाडीत किंवा माण तालुक्यात पडतो, साधारण तेवढाच! मुंबईला पावसाळ्यात एवढा पाऊस चार-सहा दिवसांच्या झडीतही पडून जातो.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आटपाडीचा पाऊस आणि एसेक्सचा पाऊस आकड्याने सारखा असला, तरी स्वभावाने सारखा नाही. आपला पाऊस चार महिन्यांत येतो, कोसळतो, वाहून जातो आणि मग आठ महिने तोंड दाखवत नाही. एसेक्सचा पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो. शिवाय तिथलं ऊन आपल्या वैशाखाइतकं पाण्याची वाफ करत नाही. म्हणून तिथली बाग उचलून इथे ठेवता येणार नाही. पण तिथला विचार मात्र उचलता येतो. तोच तर बघायला इथे यायचं.

शिवाय या जागेची जमीनही भिकार. वाळू आणि गोटे, तेही खोलवर. वरून पाणी घातलं की चाळणीतून जावं तसं खाली जातं. इथे पूर्वी बेथबाईंचे पती अँड्र्यू चॅटो यांची फळबाग होती. फळबागेतला हा तुकडा असा की, कुठे जमीन इतकी कोरडी की झाड धरत नाही, आणि कुठे इतकी दलदल की पाय रुततो. शेतीच्या दृष्टीने टाकाऊ. १९६० साली या दोघांनी त्या टाकाऊ तुकड्यावर घर बांधलं आणि बाग करायला घेतली.

बेथबाई कुणी मोठ्या शास्त्रज्ञ नव्हत्या. १९२३ सालचा जन्म, शिक्षिकेचं प्रशिक्षण, मग लग्न, दोन मुली, घरसंसार. फुलांची रचना करण्याची आवड होती, त्यातून झाडांची ओढ लागली. सफोकमधले चित्रकार सेड्रिक मॉरिस यांच्या बागेतून त्यांना अनेक अनवट रोपं मिळाली. अँड्र्यू यांना एक वेगळाच छंद होता. बागेत येणारं प्रत्येक झाड मुळात जगाच्या कुठल्या भागात, कुठल्या डोंगरावर, कशा मातीत, किती पावसात वाढतं, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. नवऱ्याचा अभ्यास आणि बायकोचा हात, असा हा संसार! त्यातून एक साधं सूत्र तयार झालं : योग्य जागी योग्य झाड. जमीन बदलायची नाही, पाणी ओढून आणायचं नाही. तिथे जे आनंदाने जगेल, तेच लावायचं.

१९६७ साली बेथबाईंनी रोपवाटिका काढली. १९७८ साली त्यांचं 'द ड्राय गार्डन' हे पुस्तक आलं. १९७७ ते १९८७ या काळात लंडनच्या प्रख्यात चेल्सी पुष्पप्रदर्शनात त्यांनी दहा सुवर्णपदकं मिळवली. आणि या सगळ्यानंतर, वयाच्या सत्तरीकडे झुकताना, त्यांनी स्वतःच्याच सूत्राची कठोर परीक्षा घ्यायचं ठरवलं.

मोटारींच्या जागी फुलं

बागेला भेट देणाऱ्यांच्या मोटारी उभ्या राहायच्या, ती सुमारे पाऊण एकराची जागा. वर्षानुवर्षं चाकांखाली दबून जमीन दगडासारखी झालेली. वर विरळ गवत, तेही उन्हाळ्यात पिवळं पडणारं. १९९१ च्या हिवाळ्यात ही जागा खोल नांगरून काढण्यात आली. वाफ्यांचे वळणदार आकार ठरवायला बेथबाईंनी जमिनीवर रबरी पाइप अंथरले. गंमत बघा, पाणी घालायच्या पाइपाचा या बागेला झालेला उपयोग तो एवढाच! मनात चित्र होतं न्यूझीलंडमध्ये पाहिलेल्या एका कोरड्या नदीपात्राचं. मधून खडीची वाट नदीसारखी वाहते आणि दोन्ही काठांवर झाडं, असं.

मातीत एकदाच कंपोस्ट मिसळलं. लावण्यापूर्वी प्रत्येक रोप बादलीत बुडवून पाणी पाजलं. लागवडीनंतर वर दोन-तीन बोटं जाडीचा खडीचा थर पसरला. आणि मग ठरवून टाकलं... यापुढे पाणी नाही. जगतील ती झाडं खरी. मरतील त्यांच्या जागी दुसरी.

जून महिन्याच्या अखेरीस ही बाग भरात असते. आम्ही गेलो तेव्हा सोबत आमच्या सोलापूरच्या वहिनी होत्या. भाचीकडे राहायला आल्या होत्या. वहिनींची गच्चीवर चाळीस-पन्नास कुंड्यांची बाग आहे. घरी नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून त्या कुंड्यांना घालतात. अशा बाईला ही बाग बघून काय वाटेल, याची आम्हालाच उत्सुकता होती.

वहिनींनी फुलांकडे बघितलंच नाही. त्या खाली बघत चालल्या होत्या.

"भाऊजी, नळाची तोटी कुठंच दिसंना की हो!"

"तोटी नाहीच, वहिनी. तीच तर गंमत आहे."

"मग हे जगतंय कशावर? हवेवर?"

प्रश्न अगदी बरोबर होता. समोर उंच गवतांचे सोनेरी तुरे डुलत होते. लॅव्हेंडर होतं, निळसर काटेरी एरिंजियम होतं, जांभळे गोल लसूणफुलांचे गेंद होते. आणि या सगळ्यांच्या पायाशी, गुडघ्याच्याही खाली, लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्या फुलांच्या सपाट थाळ्या धरून बसलेले रुपेरी पानांचे झुबके होते. वहिनी वाकल्या. एक पान बोटांत हलकेच चुरून त्यांनी नाकाशी धरलं.

"अगंबाई! हा तर दवण्याच्या जातीतला वाटतोय."

वहिनींचं नाक पक्कं. हाच आपला यारो. शेवंती, दवणा आणि यारो ही तिन्ही एकाच कुळातली भावंडं. जोतिबाला आपण वाहतो तो दवणा याचा अगदी जवळचा नातलग.

अकिलीसची वनस्पती

यारोचं शास्त्रीय नाव अकिलिया. ग्रीक पुराणकथेतला महावीर अकिलीस आपल्या जखमी सैनिकांच्या जखमांवर या वनस्पतीचा पाला लावायचा, अशी आख्यायिका आहे. त्यावरून हे नाव पडलं. सर्वात जास्त आढळणाऱ्या जातीचं नाव 'मिलेफोलियम', म्हणजे हजार पानांची. प्रत्यक्षात पानं हजार नसतात, पण एकेक पान इतकं बारीक चिरलेलं असतं की पिसासारखं दिसतं.

चीनमध्ये 'यी जिंग' या प्राचीन ग्रंथाच्या आधारे भविष्य बघताना यारोच्याच पन्नास काड्या वापरायची परंपरा आहे. आणि आपल्याकडे? होमिओपॅथीच्या दुकानात 'मिलेफोलियम' लिहिलेली बाटली पाहिली असेल, ती याच झाडाची. युनानी वैद्यकात याला 'बिरंजासिफ' म्हणतात. काश्मीरपासून कुमाऊँपर्यंतच्या हिमालयात यारो रानोमाळ उगवतो. गुलमर्ग-पहलगामच्या कुरणांत पांढऱ्या फुलांच्या थाळ्या दिसल्या, तर जरा वाकून पानं बघा. सहलीला गेलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या फोटोत हा नकळत उभा असेल!

पण हा रानटी यारो बागेत आणला की थोडा दांडगाई करतो. जमिनीखालून धुमारे सोडत पसरतो, चांगलं खत-पाणी मिळालं की कमरेएवढा वाढतो आणि वारा आला की आडवा पडतो. म्हणून कोरड्या, उन्हाच्या बागेसाठी लोक बुटक्या जाती निवडतात. आणि या बुटक्या जातींतल्या सर्वात लोकप्रिय जातीचं जन्मस्थान याच लोहमार्गावर पुढे आहे.

वाफेच्या इंजिनांच्या गावी

कोलचेस्टरहून नॉर्विचकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वाटेत डिस नावाचं स्टेशन येतं. तिथून जवळच ब्रेसिंगहॅम. इथे ॲलन ब्लूम नावाचे एक अवलिया रोपवाटिकावाले राहायचे. १९०६ चा जन्म, २००५ साली निधन, म्हणजे जवळजवळ शतकभराचं आयुष्य. खांद्यापर्यंत रुळणारे पांढरे केस, कानात बाळी, आणि वेड दोनच गोष्टींचं. एक झाडं, दुसरं वाफेची इंजिनं! आज तिथे बागाही आहेत आणि इंजिनांचं संग्रहालयही. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी दोन्हींसाठी वेळ राखून ठेवावा. आई-बाबांना फुलं आणि पोरांना छोट्या रुळांवरची आगगाडी, असा दोघांचाही दिवस सार्थकी लागतो.

याच ॲलन ब्लूम यांच्या रोपवाटिकेत 'मूनशाइन' हा यारो १९५० च्या दशकात तयार झाला. दोन यारोंच्या संकरातून आलेली ही जात. त्यातला एक पूर्वज बाल्कन देशांतल्या कोरड्या डोंगरउतारांवरचा. उंची दीड ते दोन फूट, पानं चांदीसारखी, फुलं फिकट लिंबू रंगाची, आणि रानटी यारोसारखं पसरणं नाही. झुबका करून आपल्या जागी राहतो. पुढे त्याचीही छोटी आवृत्ती निघाली, 'लिटल मूनशाइन', जेमतेम फूटभर उंचीची. त्याहून बुटका हवा असेल तर दक्षिण युरोपातला लोकरी यारो, म्हणजे अकिलिया टोमेंटोसा. तो वीतभरच वाढतो आणि दगडांच्या फटींत चटईसारखा पसरतो. 'किंग एडवर्ड' नावाची फिकट पिवळ्या फुलांची जातही अशीच वीतभर.

हवेवर नाही, हिशेबावर!

आता वहिनींच्या प्रश्नाकडे वळू. हे जगतं कशावर?

पहिलं कारण पानांत आहे. मूनशाइनची पानं रुपेरी दिसतात, कारण त्यांच्यावर बारीक पांढरी लव असते. ही लव ऊन परतवते आणि पानावरून वाहणारा कोरडा वारा अडवते. त्यामुळे पानातून पाणी उडून जाणं कमी होतं. दुसरं, पान बारीक चिरलेलं असल्यामुळे रुंद पानासारखं तापत नाही. केळीचं पान दुपारी मान टाकतं. यारोचं पान ताठ राहतं, ते यामुळे.

दुसरं कारण मुळांत आहे. ज्या झाडाला रोज वरून थोडं थोडं पाणी मिळतं, त्याची मुळं वरच घोटाळतात. रोज खाऊ देणाऱ्या आजीभोवती नातवंडं घोटाळावीत तशी! पाणी बंद झालं की मुळं खाली उतरतात. खाली ओल असते, ती शोधतात.

तिसरं कारण खडीत. वरचा खडीचा थर ऊन आणि मातीच्या मध्ये उभा राहतो. पाऊस पडला की पाणी खडीतून सरळ खाली जातं, पण खालची ओल सहज वर येऊन उडत नाही. तणही कमी माजतं. आणि झाडाच्या बुंध्याशी पाणी साचत नाही, हे यारोसाठी सर्वात महत्त्वाचं. कारण यारो तहानेने मरत नाही... तो मरतो बुंध्याशी साचलेल्या पाण्याने!

आणि यारोची खरी गंमत इथेच आहे. त्याला लाड सोसत नाहीत. खत घाला, पाणी घाला, सावली द्या. तो उंच वाढेल, पानं मऊ होतील, फुलं कमी येतील आणि पहिल्या वाऱ्यात तो कोलमडेल. तोच यारो गरीब मातीत, खडखडीत उन्हात लावा. तो ठेंगणा राहील, घट्ट झुबका करेल आणि फुलांनी भरून जाईल. म्हणजे बुटकेपणा अर्धा जातीत असतो आणि अर्धा जमिनीत!

परीक्षेचे उन्हाळे

सूत्र मांडणं सोपं, निभावणं अवघड. १९९५ साली इंग्लंडवर एक भीषण उन्हाळा आला. इंग्लंड आणि वेल्समध्ये अठराव्या शतकापासून पावसाच्या नोंदी आहेत. त्या नोंदींतला तो सर्वात कोरडा उन्हाळा. नवी बाग जेमतेम तीन वर्षांची. रोपवाटिकेत रोपं विकत घ्यायला येणारी गिऱ्हाइकं याच बागेसमोरून जाणार. झाडं मेली असती तर जगासमोर मेली असती, आणि ज्या सूत्रावर बेथबाईंनी आयुष्य उभं केलं, तेही त्यांच्याबरोबर गेलं असतं. पाइप जोडून एका रात्री गुपचूप पाणी सोडणं किती सोपं होतं!

बेथबाईंनी पाइप जोडला नाही. कुठलं झाड माना टाकतं, कुठलं पानं गाळून तग धरतं, कुठलं काहीच झालं नसल्यासारखं उभं राहतं, हे त्या बघत आणि टिपत राहिल्या. काही झाडं नापास झाली, त्यांच्या जागी दुसरी आली. तो सगळा अनुभव २००० साली पुस्तकरूपाने लोकांपुढे आला. त्याच्या आधीच्या वर्षी, १९९९ मध्ये, अँड्र्यू गेले. दीर्घकाळ आजारी होते. झाडांच्या मूळ गावांचा त्यांनी केलेला अभ्यास त्या खडीतल्या प्रत्येक रोपात होता.

मे २०१८ मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, बेथबाईंचंही निधन झालं. नात ज्यूलिया बोल्टन यांच्या देखरेखीखाली बाग पुढे चालू राहिली. २०२० साली या बागेची नोंद इंग्लंडच्या संरक्षित ऐतिहासिक उद्यानांच्या यादीत झाली. एका जुन्या पार्किंगच्या जागेसाठी हा मान काही कमी नाही!

आणि जुलै २०२२ मध्ये काय झालं? इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच पारा ४० अंशांच्या वर गेला. लिंकनशायरमधल्या कोनिंग्स्बी इथे ४०.३ अंश नोंदले गेले. ऑगस्टमध्ये पूर्व इंग्लंडसह अनेक भागांत दुष्काळ जाहीर झाला. देशाच्या काही भागांत बागेला पाइपने पाणी घालायला बंदी आली, मोडली तर हजार पौंडांपर्यंत दंड! ज्या देशाची हिरवळ जगाने कौतुकाने बघितली, तिथल्या हिरवळी तपकिरी पडल्या. तेव्हा तिथल्या बागवाल्यांना या खडीच्या बागेचं मोल नव्याने कळलं. तिने पाण्याचा पाइप बंदीच्या तीस वर्षं आधीच टाकून दिला होता.

यारो लावायचा तर...

यारोचा स्वभाव एकदा कळला की त्याला वाढवणं अवघड नाही. दिवसाचे किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा. माती निचऱ्याची हवी. चिकणमाती असेल तर वाळू-खडी मिसळून वाफा थोडा उंच करा. दोन रोपांत फूट-दीड फूट अंतर ठेवा, वारा खेळला पाहिजे. लावण्यापूर्वी रोप बादलीत बुडवून घ्या. पहिल्या हंगामात, मुळं धरेपर्यंत, आठवड्यातून एकदा पण खोल पाणी द्या. रोज शिंपडत बसू नका. नंतर हात आवरा. खत तर नकोच!

बी पेरणार असाल तर ते मातीत पुरू नका. यारोच्या बियांना उगवायला उजेड लागतो. मातीवर नुसतं भुरभुरून हलकेच दाबा. मूनशाइनसारख्या संकरित जाती मात्र बियांपासून तशाच येत नाहीत. त्यांचे झुबके फोडून लावावे लागतात. तसाही दर दोन-तीन वर्षांनी झुबका मधून विरळ होतो. तेव्हा उकरून काढायचा, कडेचे ताजे तुकडे लावायचे आणि मधला जुना भाग टाकून द्यायचा. फुलं सुकू लागली की दांडे कापा, पुन्हा फुलं येण्याची शक्यता असते.

इंग्लंडमध्ये यारो ठेंगणा ठेवायची आणखी एक युक्ती आहे. मेच्या अखेरीस, चेल्सीचं प्रदर्शन भरतं त्या सुमाराला, फुलं येण्याआधीच झाड अर्ध्यावर छाटतात. फुलं थोडी उशिरा येतात, पण झाड आडवं पडत नाही. फुलं भरात असताना दांडे कापून, जुडी बांधून, सावलीत उलटी टांगली की ती वाळून महिनोन् महिने टिकतात. फुलदाणीत पाणीही नको! आणि बागेत यारो असला की ढालकिडे, मधमाश्या येतात. ढालकिडे मावा फस्त करतात, हा वरचा फायदा.

एक सावधगिरी मात्र घ्यायला हवी. यारोची आणि आपल्या गाजर गवताची कुळी एकच. पानंही दुरून सारखीच वाटतात. ज्यांना गाजर गवताने अंगावर पुरळ उठते, त्यांनी यारोला हात लावताना हातमोजे घालावेत. कुत्र्या-मांजरांच्या पोटात तो गेलेला बरा नाही. आणि औषधी म्हणून ऐकलं तरी स्वतःच्या मनाने पाला खाऊ नये, गरोदर बायकांनी तर नाहीच.

आपल्या अंगणात काय?

काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड या भागांत राहणाऱ्यांना यारो सहज साधेल. तो तिथलाच आहे. दख्खनच्या पठारावर गोष्ट वेगळी. आपला उन्हाळा त्याला जड जातो आणि पावसाळा त्याहून जड. हौस असेल तर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, कुंडीत बी पेरावं आणि थंडीचा पाहुणा म्हणून त्याचं कौतुक करावं. पाहुणा कायमचा राहिला नाही म्हणून रुसू नये. कोकणात, मुंबईत, गोव्यात तर त्याचा नाद सोडलेला बरा.

परतताना वहिनींनी मूनशाइनचं रोप विकत घेतलं नाही. विमानातून रोप नेता येत नाही, हे तर आहेच. पण त्यांनी दुसरंच काही घेतलं होतं. गाडीत बसल्यावर म्हणाल्या,

"भाऊजी, गच्चीवरचे ते गुलाब माझा जीव खातेत बघा. त्यांच्यासाठी मी बादल्या उचलते, आणि ती सदाफुली कोपऱ्यात न मागता फुलते. तिच्याकडं बघतच नव्हते मी."

आपल्या प्रत्येक अंगणात अशी एखादी सदाफुली असते. कुठे अबोली, कुठे कोरफड, कुठे कुंपणावरची कण्हेर. ती कुठल्या उन्हात, कुठल्या मातीत, किती पाण्यात खुशीने वाढते, हे नीट बघितलं की बागेचा आराखडा आपोआप तयार होतो. गुलाब ठेवायचाच असेल तर एक ठेवावा आणि बादलीभर प्रेमही द्यावं. पण अख्खी बाग गुलाबाच्या तहानेवर बेतू नये.

कुंडीच्या मातीवर दोन बोटं खडीचा थर द्यायला काही खर्च नाही. पाण्याची गरज सारखी असलेली झाडं एका रांगेत ठेवायलाही खर्च नाही. या उन्हाळ्यात टँकरची वाट बघण्याआधी एवढं करून बघा. कोणत्या कुंडीने पाणी मागितलं आणि कोणती न मागता फुलली, याची नोंद कॅलेंडरच्या मागच्या पानावर ठेवा. पुढच्या वर्षी रोपवाटिकेत काय घ्यायचं, ते ती नोंदच तुम्हाला सांगेल.